जर्मलच्या मानेची गिटार

ज्यांना कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांनाही चालेल.

आजचा विषय जरा चक्रम आहे. ॲल्युमिनियमची मान असलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी. हो, ॲल्युमिनियम. तेच, ज्याचं पातेलं आपल्याकडे घरोघरी होतं आणि ज्याला आमच्या नगर जिल्ह्यात जुनी माणसं अजून ‘जर्मल’ म्हणतात. माझ्याकडे अशी एक गिटार आहे. ती घरी आली तेव्हा आजीने तिच्या मानेवरून हात फिरवला आणि सरळ निकाल दिला, “हे तर जर्मलचं आहे गं. एवढ्या लांबून भांडं आणलं का मामाने?”

आजीचा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. गिटार लाकडाची असते हे आपण गृहीत धरतो. मग कोणी आणि का म्हणून तिच्यात धातू घातला असेल? याचं उत्तर शोधताना मी अमेरिका, हवाई, इटली असं सगळं फिरून पुन्हा आपल्याच घरांतल्या माळ्यापर्यंत आले. ती गोष्ट आज सांगते.

आधी लाकडाचं दुखणं समजून घेऊ. सतारीला आपण दांडी म्हणतो, गिटारवाले नेक म्हणतात. मराठीत सरळ मान म्हणा. या मानेवर पडदे बसवलेले असतात आणि तिच्यावरून तारा ताणलेल्या असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा नीट स्वरात लावल्या की त्या मिळून साधारण ४५ किलोच्या ओढीने मानेला खेचत असतात. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. म्हणजे जवळजवळ एक गोणी रात्रंदिवस त्या बारीक लाकडाला लटकलेली आहे असं समजा. लाकूड वाकणारच.

त्यात हवा. लाकूड मेलं तरी पाणी पिणं सोडत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात लाकडी गिटारच्या मानेच्या कडेवरून बोट फिरवलं तर पडद्यांची टोकं बोचतात, कारण लाकूड आकसलेलं असतं आणि धातूचे पडदे होते तेवढेच असतात. आपल्या मिरजेचे सतारमेकर हे पिढ्यान् पिढ्या ओळखून आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी दीडशेहून जास्त वर्षं तिथे हेच काम चाललंय: लाकूड नीट मुरू द्यायचं, भोपळा पूर्ण वाळू द्यायचा, घाई करायची नाही. लाकडाचा स्वभाव सांभाळून घ्यायचा, ही एक पद्धत.

दुसरी पद्धत अमेरिकन कारखान्याची. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात मानेच्या पोटात पोलादी सळई घालायला सुरुवात केली. तिला ट्रस रॉड म्हणतात. मान वाकली की पाना लावायचा, सळई पिळायची, मान सरळ. आजही बहुतेक गिटारींत हीच सळई असते.

आणि तिसरी पद्धत म्हणजे लाकडाला रामराम. मान धातूचीच करायची.

आता एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली आणि कळल्यावर मी अक्षरशः उठून बसले. बाजारात यशस्वी ठरलेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटारच मुळात ॲल्युमिनियमची होती. जॉर्ज बोशाम नावाचा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार होता. वाद्यवृंदात आपली गिटार कोणाला ऐकूच येत नाही, हे त्याचं दुःख. त्याने १९३१ मध्ये तारांची थरथर विजेत बदलणारा पिकअप तयार केला. त्याचा पहिला नमुना लाकडीच होता. पण त्याचा जोडीदार अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर हा धातूकाम करणारा माणूस, वाद्यांची धातूची अंगं बनवायचा त्याचा कारखानाच होता. म्हणून १९३२ मध्ये गिटार विक्रीला आली ती ओतीव ॲल्युमिनियमची. गोल छोटं अंग आणि त्याला लांब मान. लोकांनी नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’. म्हणजे तवाच! आजीचं काही चुकलं नव्हतं.

या तव्यावरच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक होते आणि त्यांच्यामधून तारा जायच्या. मी राहते शनिशिंगणापुरात. आमच्याकडे दुकानादुकानात काळ्या घोड्याची नाल टांगलेली असते. त्यामुळे त्या गिटारचा जुना फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती अगदी ओळखीची वाटली. बोशामला पेटंट मिळालं १९३७ मध्ये.

पण तव्याचा एक दोष होता. तो तापायचा. रंगमंचावरच्या दिव्यांखाली ॲल्युमिनियम गरम झालं की सूर हलायचा. १९३५ मध्ये कंपनीने बेकेलाइटची गिटार काढली, आणि पुढे धातूऐवजी तीच जास्त गाजली.

इथे शाळेतलं विज्ञान आठवा. तापलं की सगळंच प्रसरण पावतं, पण सारखं नाही. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट वाढतं, आणि लाकूड रेषांच्या दिशेने त्याहून कितीतरी कमी. गिटारच्या तारा पोलादाच्या. तारेची वाजणारी लांबी ६५ सेंटिमीटर धरा. तापमान १० अंशांनी वाढलं तर तेवढं ॲल्युमिनियम सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढतं आणि तार निम्मीच. मानेने तारेला ओढून धरल्यासारखं होतं आणि सूर चढतो. किती? गणित केलं तर अर्ध्या स्वराच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. ऐकायला कमी वाटतं, पण बाजूला हार्मोनियम असेल तर कानाला लगेच खटकतं. लाकडी मानेत उलटं होतं: तार वाढते, लाकूड जवळपास तेवढंच राहतं आणि सूर उतरतो.

आता तुम्ही म्हणाल, १९३२ च्या कॅलिफोर्नियातल्या तव्याचा महाराष्ट्राशी काय संबंध? आहे ना. ती गिटार उभी धरून वाजवायची नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. हीच हवाईयन गिटार. हवाई बेटांवर १९ व्या शतकाच्या अखेरीस हे वादन जन्मलं आणि तिथल्या फिरत्या कलाकारांबरोबर जगभर गेलं. टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब असंच फिरत फिरत आपल्या देशात आलं आणि १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिलं.

आपल्या लोकांना ही गिटार भावली याचं कारण साधं आहे. कांडी सरकवली की स्वर तुटत नाही. मींड मिळते. जे पियानोला जमत नाही, उभ्या गिटारलाही अर्धवट जमतं, ते या आडव्या वाद्याला सहज जमतं. मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी सिनेमाची गाणी विजेच्या गिटारवर वाजवली आणि त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. ब्रिजभूषण काब्रा तर तिच्यावर रागसंगीत वाजवू लागले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काब्रांची गिटार आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कोणी ‘मी गिटार शिकतोय’ म्हणालं, तर पुष्कळदा ती आडवी गिटारच असायची. म्हणजे बघा, तव्याची थेट नातवंडं आपल्या घरांत नांदत होती. धातूची मान मात्र मागे पडली होती.

ती परत आली उभ्या गिटारमध्ये. इटलीत काव्रियागो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे अंतोनियो पिओली, टोपणनाव वांद्रे (हो, आपल्या वांद्र्यासारखंच!), १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची दहाएक वर्षं चित्रविचित्र आकाराच्या गिटारी बनवत होता. त्यातल्या कित्येकींच्या माना ॲल्युमिनियमच्या. मग १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉन व्हेलेनो या फ्लोरिडातल्या कारागिराने अंगासकट सगळी गिटारच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून कोरून काढली. आरशासारखी चकचकीत. दोनशेच्या आसपासच बनल्या, पण त्या एरिक क्लॅप्टन, मार्क बोलन अशांच्या हातात गेल्या.

या सगळ्यात माझा आवडता माणूस ट्रॅव्हिस बीन. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने कारखाना सुरू केला. त्याचा विचार असा होता: तार दोन ठिकाणी टेकते, वर खुंट्यांजवळ आणि खाली घोडीवर. ही दोन्ही ठिकाणं एकाच अखंड धातूवर असली तर थरथर वाटेत कुठे हरवणार नाही आणि स्वर लांबेल. म्हणून त्याने मान घेतली आणि ती लाकडी अंगाच्या आतून थेट घोडीच्या खालपर्यंत नेली. डोक्याला मधोमध इंग्रजी ‘टी’ आकाराची खिडक कापली. जेरी गार्सियाने १९७६-७७ च्या सुमारास या गिटारी वाजवल्या. पण १९७९ मध्ये कारखाना बंद पडला. एकूण गिटारी बनल्या साडेतीन हजारांच्या आसपास.

त्याचा एक भागीदार होता गॅरी क्रेमर. त्याने वेगळं होऊन १९७६ मध्ये दुसरी कंपनी सुरू केली, कारखाना न्यू जर्सीतल्या नेपच्यून गावी. क्रेमरच्या मानेत एक शहाणपणाची गोष्ट होती. मान ॲल्युमिनियमचीच, पण पाठीमागे तळहात जिथे टेकतो तिथे लाकडाच्या दोन पट्ट्या बसवलेल्या. वजन थोडं कमी आणि हाताला गारवाही कमी. डोकं दोन दातांच्या काट्यासारखं, म्हणजे सूर तपासायच्या चिमट्यासारखं. पडद्यांखालची पट्टी एबोनॉलची. बोलिंगचे चेंडू करतात त्या जातीचा हा कडक काळा पदार्थ.

मग हे सगळं चाललं का नाही? कारणं अगदी घरगुती आहेत. थंडीत मान बर्फासारखी गार लागायची. वजन जास्त. पट्टा लावून उभं राहिलं की डोकं खाली झुकायचं. धातू कापायचा खर्च मोठा. आणि गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक: गिटार म्हणजे लाकूड, हे त्याच्या डोक्यातून जाईना. १९८१ च्या सुमारास क्रेमरनेही लाकडी माना सुरू केल्या आणि काही वर्षांत ॲल्युमिनियम सोडून दिलं. गंमत म्हणजे एडी व्हॅन हेलनमुळे ही कंपनी जगभर गाजली ती त्यानंतर, लाकडी मानेच्या गिटारींवर.

कारखाने बंद पडल्यावर या गिटारींचे दिवस आले. नेहमीसारखंच. स्टीव्ह अल्बिनी, ज्याने निर्वाणाचा १९९३ चा ‘इन युटेरो’ ध्वनिमुद्रित केला, तो स्वतःच्या बँडमध्ये ट्रॅव्हिस बीनच वाजवायचा. पट्टा खांद्यावर न घेता कमरेला बांधून. त्याचा कर्कश, टणत्कारी आवाज ऐकून नवी पिढी या धातूच्या मागे लागली. २०२४ च्या मे महिन्यात अल्बिनी गेला, पण तोवर एकेका ट्रॅव्हिस बीनची किंमत हजारो डॉलरवर पोचली होती.

आणि आपल्याकडे? १९७४ ते १९८१ ही वर्षं आठवा, म्हणजे आई-बाबांना विचारा. आयात परवाने, जबर सीमाशुल्क. परदेशी वाद्य हवं तर बोटीवर काम करणारा नातेवाईक हवा, नाहीतर परत जाणारा एखादा पाहुणा कलाकार गाठायचा. मुंबईच्या स्टुडिओंतले आणि हॉटेलांतले वादक मिळेल त्या गिटारवर कमाल करून दाखवत होते. १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं तेव्हा तिकडे धातूच्या मानेचं युग संपतही आलं होतं. अशा गिटारी इकडे येतात त्या आत्ता, चाळीस-पन्नास वर्षांनी, कोणाच्या तरी सामानातून.

माझी तशीच आली. माझा मामा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे आपली मराठी माणसं किती आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या घरापासून क्रेमरचा तो जुना कारखाना गाडीने तासाभरावर. एका घरगुती विक्रीत त्याला ही क्रेमर ४५०जी दिसली. धूळ खात, दोन तारा तुटलेल्या. पुढच्या सुट्टीत तो ती घेऊनच गावी आला.

आता माझं गाव. शनिशिंगणापूर, तालुका नेवासा. तुम्ही नाव ऐकलंय ते आमच्या घरांच्या दारांमुळे, किंवा नसलेल्या दारांमुळे. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली तीसुद्धा कुलपाशिवाय. त्यामुळे गिटारबद्दल कळल्यावर बाहेरच्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “एवढी महागाची वस्तू उघड्या घरात ठेवतेस?”

चोराचं मला सुचलंही नव्हतं. मला सतावते ती हवा. दार नाही म्हणजे बाहेरचा ऋतू थेट माझ्या खोलीत राहायला येतो. एप्रिलमध्ये पहाटे २० अंश आणि दुपारी ४० म्हणजे नेहमीचंच. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात तेव्हा धूळ पार खुंट्यांपर्यंत येते. पुण्यात एसी खोलीत कोणी या मानेची जितकी परीक्षा घेणार नाही, तितकी आमची चौकट घेते.

दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे मी हिला रोज वाजवते आहे, तेव्हा अनुभवाचं सांगते. पावसाळ्यात ही मान ढिम्म हलत नाही. माझी जुनी लाकडी गिटार जुलैत रुसते, हिला ओलाव्याचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात मात्र ती तव्याचीच जात दाखवते. पंख्याखालून उन्हाच्या पट्ट्यात नेली की पातळ तारा आधी तापतात आणि सूर किंचित उतरतो. मग मान तापते आणि सूर चढू लागतो. क्रेमरची फक्त मान धातूची, अंग लाकडाचं, म्हणून हा फरक तव्याइतका मोठा नसतो. तरी दुपारी वाजवायचं असेल तर मी आधी दहा मिनिटं नुसती मांडीवर घेऊन बसते. डिसेंबरच्या पहाटे तर तळहाताच्या उबेनेसुद्धा सूर सरकतो.

तुमच्यापैकी कोणाला अशी गिटार मिळालीच तर तीन गोष्टी. एक, या मानेत ट्रस रॉड नाही. म्हणजे पाना लावून सरळ करायची सोय नाही. जाड, जास्त ओढीच्या तारा लावून तिची परीक्षा बघू नका. दोन, घाम पुसा. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण घामाच्या क्षाराने डागाळतं आणि खडबडीत होतं. तीन, चमकवण्याच्या नादात पॉलिश पेपर मारू नका. मानेवर ठोकलेला क्रमांक हीच तिची जन्मतारीख, तो पुसला गेला तर परत येत नाही.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका संग्राहकाचा फोन आला. चांगला माणूस, जाणकार. किंमतही चांगली सांगितली. त्या पैशांत आमच्या विहिरीची मोटर आणि पाइपलाइन दोन्ही झालं असतं, म्हणून घरात दोन दिवस चर्चा चालली. मी त्यांना एकच विचारलं, ही वाजणार का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, “नाही, काचेच्या कपाटात राहील. सुरक्षित.”

मी नाही म्हणाले. बाबा थोडे नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझा हिशेब वेगळा होता. ही मान कोणी तरी खास यासाठी बनवली, की तिने हवा, ऊन, हात, वर्षं सगळं झेलावं आणि वाकू नये. बनवणाऱ्यांचे कारखाने बुडाले, मान अजून सरळ आहे. तिला झेलायला काही द्यायचंच नाही, तर मग आजी म्हणते ते खरं, भांडंच आणलं म्हणायचं. आणि ही वाजताना ज्यांनी ऐकली, त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. सोनईच्या बाजारात भेटलेल्या एका काकांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांकडे आडवी विजेची गिटार होती, पोलादी कांडीसकट. आता ती कुठे आहे? “असेल माळ्यावर.”

हाच आजचा खरा मुद्दा. ट्रॅव्हिस बीनच्या गिटारींच्या क्रमांकांच्या याद्या लोकांनी जपल्यात. आपल्या गावा-शहरांत त्या आडव्या गिटारी कोणी शिकवल्या, कोणी बनवल्या, पिकअप कुठून आणले, वीज नसताना कसं वाजवलं, हे मात्र वाजवणाऱ्यांच्या आठवणीतच आहे. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

तुमच्या हातात आत्ता फोन आहे. घरात, शेजारी, आजोळी कोणाकडे जुनी गिटार असेल तर या रविवारी माळ्यावर चढा. तिला खाली काढा, तारा कितीही गंजलेल्या असू द्यात. ज्यांनी ती वाजवली त्यांच्यासमोर ठेवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि पहिला प्रश्न विचारा: “ही तुम्हाला कोणी शिकवली?” मग गप्प बसा आणि ऐका. हात आपोआप कांडीकडे जाईल.

ते रेकॉर्डिंग मला पाठवा. पुढच्या भागात ऐकू.